भंडाऱ्यातली चावी

रविवार, ८ मे २००५. दुपारचे चार वाजून गेले होते. न्हावऱ्याचं लग्न आटोपून खुटबावला परतणारा वऱ्हाडाचा टेम्पो पारगावच्या अलीकडच्या वळणावर रस्ता सोडून खाली शेतात गेला आणि डाव्या कुशीवर पडला. नवरदेवाची आत्या नकुशी मारकड, वय चौतीस, जागीच मेली. जखमींना शिरूरच्या दवाखान्यात हलवण्यात आलं. टेम्पो चालवणारा माऊली कोळपे त्यांत होता. त्याचा उजवा हात मनगटाजवळ आणि कोपराखाली मोडला होता. नवरानवरी जीपमधून पुढं निघून गेली होती. त्यांना बातमी घरच्या दारात, माप ओलांडायच्या आधी कळली.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने टेम्पोची चावी काढली, तेव्हा त्याची बोटं पिवळी झाली. केबिनमध्ये दारूचा वास होता.

त्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही पोलिसाला पिवळ्या चावीचा अर्थ ठाऊक होता. चालवणारा प्यायलेला नाही, असा तो अर्थ. हळद आणि दारूचा वास एका केबिनमध्ये आजवर सापडले नव्हते. हवालदाराने चावी कागदात गुंडाळली आणि पंचनाम्यात दोन्ही गोष्टी नोंदवल्या.

पिवळ्या चावीची सुरुवात सहा वर्षांपूर्वीची आहे.

खुटबावच्या धनगरवस्तीवर वच्छलाबाई कोळपे राहतात. त्यांचे सासरे मेंढरं घेऊन घाटाखाली उतरत. नवऱ्याने मेंढरं विकून विहीर पाडली, आणि थोरल्या मुलाने, मल्हारने, टेम्पो चालवायला घेतला. १९९९ च्या लग्नसराईत वऱ्हाड पोचवून एकटा परत येत असताना मल्हार भांडगावजवळ सोलापूर रस्त्यावर उभ्या असलेल्या विटांच्या ट्रॉलीवर आदळला आणि गेला. तो प्यायलेला होता. त्या काळी वऱ्हाड आणणाऱ्या ड्रायव्हरला लग्नघरी मान असे: टॉवेल, टोपी, नारळ, आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली. बाटली दिली नाही तर मुलीच्या बापाची चेष्टा होई. दिलेली घेतली नाही तर ड्रायव्हरने मान झिडकारला असं होई.

मल्हारचा दहावा झाल्यावर वच्छलाबाई त्या लग्नघरी गेल्या आणि टॉवेल-टोपी ओट्यावर परत ठेवली. भांडल्या नाहीत. घरचा म्हातारा गेणबा रडायला लागला.

‘‘बाई, आमी मान दिला वो. दुसरं काय बी न्हाई,’’ तो म्हणाला.

‘‘मानच दिला,’’ वच्छलाबाई म्हणाल्या. ‘‘आता दुसरा कायतरी मान काढू.’’

दुसरा मान काढायला त्यांना महिना लागला. भंडारा म्हणजे बिरोबापुढची हळद. धनगराच्या घरात वाद तुटत नसेल तर भंडारा उचलायला लावतात. भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बोललाच तर ते त्याच्यावर न येता पोरांवर येतं, अशी समजूत आहे. वच्छलाबाईंनी पितळी ताटात भंडाऱ्याचा ढीग केला आणि लग्नांत न्यायला सुरुवात केली. वऱ्हाड मांडवात पोचलं की सगळ्यांच्या आधी, व्याह्यांच्याही आधी, ड्रायव्हरला टोपी घालायची, आणि त्याने स्वतःच्या हाताने चावी भंडाऱ्यात पुरायची. निघताना त्याने चिमूट उचलून कपाळाला लावायची आणि आपली चावी काढून घ्यायची. जो उचलणार नाही त्याची चावी बदली ड्रायव्हरकडे जायची. बदली ड्रायव्हर म्हणजे वस्तीवरचे पाच जण. ते लग्नाला येत, जेवत, आणि वऱ्हाड फुकट घरी पोचवत. माऊली हा मल्हारचा धाकटा भाऊ. पाचांतला पहिला तो.

यात एक नेम होता. भंडारा न उचलणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कारणं आपोआप येत. कुणाचं पोट दुखे, कुणाचा चष्मा घरी राहिलेला असे. पाटसचा एक ड्रायव्हर प्रत्येक लग्नात ‘आज माझा उपास हाय’ म्हणे आणि त्याच्या मिशीला बुंदी चिकटलेली असे. लोक हसत. वच्छलाबाई हसत नसत. चावी पुढं देत. या नेमामुळेच ताट टिकलं. कुणालाही चारचौघांत दारुडा म्हटलं गेलं नाही, म्हणून ड्रायव्हर ताटाला बिचकले नाहीत.

ताट केडगावला गेलं, यवतला गेलं, नदीपलीकडे शिरूर तालुक्यातल्या वाड्यांवर गेलं. भांडगावच्या शाळेत वच्छलाबाईंना भाषणाला बोलावलं तेव्हा त्यांना भाषण जमलं नाही. त्यांनी मास्तरांच्या मोटरसायकलची चावी ताटात ठेवून दाखवली. रांजणगावच्या कंपन्यांकडे कामगारांच्या गाड्या नेणाऱ्या काही ड्रायव्हरांनीही आपल्या स्टँडवर एक ताट ठेवलं. त्यांतला एक बिहारचा होता. देव आमचा, मग तू कसा उचलतोस, असं कुणी विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘देवता आपके हैं, लेकिन बच्चे तो मेरे भी हैं.’’

भांडगावचे बागायतदार बापूसाहेब, एका दूधसंघाचे माजी संचालक, यांनी चौफुल्यावर आणि भांडगाव फाट्यावर पत्र्याचे मोठे फलक लावून दिले. ‘चावी भंडाऱ्यात, जीव घरात’ हे वाक्य त्यांचंच. फलकावर वाक्यापेक्षा बापूसाहेबांचं नाव मोठं होतं. वच्छलाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

न्हावऱ्याच्या लग्नात नवरदेव शेंडग्यांचा होता. टेम्पो म्हस्कू शेंडगेचा, नवरदेवाच्या भावकीतला. म्हस्कूने सकाळी मांडवात पोचल्यावर चावी भंडाऱ्यात पुरली. अक्षता पडल्यावर तो गावातल्या कॉईन बॉक्सवर गेला आणि दौंडला, दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानात फोन लावला. त्याची भावजय आदल्या दिवसापासून दवाखान्यात होती. दुकानदाराने भावाला हाक मारली. भावाने सांगितलं, मुलगा झाला. तीन मुलींनंतरचा.

घरात मूल जन्मलं की दहा दिवस भावकीला सोयर असतं. सोयर असलेल्याने देवाला, भंडाऱ्याला हात लावायचा नाही. पण सोयर पाळायचं ते बातमी कानावर आल्यापासून. म्हस्कूच्या कानावर आली होती. मांडवातल्या इतर शेंडग्यांच्या आली नव्हती. त्याने तोंड उघडलं असतं तर नवरदेवाच्या बापासकट सगळ्यांना सोयर लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशीचं जागरण, देवाला जाणं, सगळं पुढं ढकलावं लागलं असतं. वाघ्या-मुरळी ठरले होते, बोकड आणून बांधला होता. म्हस्कूने बातमी पोटात ठेवली.

निघायच्या वेळी वच्छलाबाई ताट घेऊन मांडवाच्या दाराशी उभ्या राहिल्या. म्हस्कू पुढं आला आणि हात मागं बांधून थांबला.

‘‘मामी, मला आज भंडारा चालत न्हाई,’’ तो म्हणाला.

तो हसत होता. त्याला हसू आवरत नव्हतं.

‘‘भंडारा चालत न्हाई का तुलाच चालता येत न्हाई, म्हस्कूशेठ?’’ मागून सावळाराम म्हणाला. सावळाराम नवरदेवाच्या आईच्या माहेरचा; तो स्वतः खांबाला धरून उभा होता. लोक हसले. म्हस्कूही हसला. रात्रभर दवाखान्याच्या ओट्यावर जागल्यामुळे त्याचे डोळे लाल होते.

वच्छलाबाईंनी नेमाप्रमाणे कारण विचारलं नाही. भंडाऱ्यातून चावी काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या माऊलीला दिली.

माऊलीपुढं ताट धरलं नाही. बदली ड्रायव्हर सकाळी निघताना वस्तीवरच्या बिरोबापुढं भंडारा लावत. परतताना त्यांना पुन्हा कुणी विचारत नसे. ताट धरायचं काम बऱ्याचदा त्यांच्यातलाच एखादा करी. ताट धरणाऱ्यापुढं ताट कोण धरणार, असा विचार सहा वर्षांत कुणाच्या मनात आला नव्हता.

सावळाराम माऊलीच्या शेजारी केबिनमध्ये बसला. म्हस्कू मागं, फाळक्याला टेकून, बायकांच्या आणि पेट्यांच्या मध्ये बसला. टेम्पो पडला तेव्हा तो उडून मऊ जमिनीत पडला. त्याला खरचटलं. बाकीच्यांना त्यानेच एकेक करून बाहेर काढलं. नकुशीलाही त्यानेच काढलं.

पोलिसांनी जबाब घेतले. माऊली म्हणाला, वळणावर समोरून मोटरसायकल आली, तिला वाचवायला गेलो. मोटरसायकल कुणी पाहिली नव्हती. मात्र मागं बसलेल्यांना पुढचं दिसण्याचा प्रश्न नव्हता. सावळाराम म्हणाला, बाटली माझी होती, पायाशी होती, ती फुटली आणि वास पसरला. माऊलीला पाजली का, या प्रश्नावर तो आधी ‘न्हाई’ म्हणाला आणि मग ‘मला आठवत न्हाई’ म्हणाला. मांडवात माऊलीला पंगतीत भात वाढताना अनेकांनी पाहिलं होतं. पंगती संपल्यावर तो मांडवामागं सावळारामच्या घोळक्यात उभा असलेलाही दोघांनी पाहिला होता. त्याच्या हातात पेला पाहिल्याचं कुणी सांगितलं नाही. नव्हता, असंही कुणी सांगितलं नाही.

म्हस्कूचा जबाब सगळ्यांत लहान होता. मी मागं होतो, पुढचं काही दिसलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात माऊलीच्या रक्ताचा नमुना घेण्यात आला. तो पुण्याच्या प्रयोगशाळेकडे गेला.

पहिले दोन दिवस वस्तीवर बोललं गेलं ते असं: म्हस्कू इतका प्याला होता की त्याला बाजूला केलं, तरी नशिबात होतं ते चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हस्कूच्या घरी मुलगा झाल्याची बातमी उघड झाली. कधी झाला, किती वाजता झाला, हे बायकांनी विचारलं आणि हिशोब लागला. म्हस्कू प्यायलेला नव्हता. भंडाऱ्याने प्यायलेल्याला अडवायचं, त्याने न प्यायलेल्याला अडवलं होतं. मग प्रश्न राहिला तो ज्याला चावी दिली त्याचा.

वच्छलाबाई त्याच दिवशी म्हस्कूच्या घरी गेल्या. त्याने त्यांना अंगणातच बाज टाकली आणि पाणी आणायला शेजारच्या पोरीला सांगितलं.

‘‘मला का सांगितलं न्हाईस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मांडवात सगळे शेंडगे व्हते, मामी.’’

‘‘मी कोळप्याची. मला तुझं सोयर लागतंय व्हय?’’

‘‘तुमी इचारलं असतं तर बाजूला नेऊन सांगितलं असतं.’’ म्हस्कू जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘तुमी इचारत न्हाई.’’

पाणी आलं. वच्छलाबाईंनी ते हातात धरून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, माऊली गाडी कशी चालवत होता.

‘‘म्या मागं व्हतो.’’

‘‘म्हस्कू, मी पोलीस न्हाई.’’

‘‘म्हणूनच सांगतोय, मामी. म्या मागं व्हतो.’’

नकुशीचा नवरा म्हाळू मारकड दहावा उरकल्यावर आला. तो पाटसकडचा, पाच एकराचा शेतकरी; दोन मुलींचा बाप. त्याच्याबरोबर त्याचे दोन चुलते होते. बिरोबाच्या देवळापुढं वस्ती जमली. नुकसानभरपाईचं काय ते कोर्ट बघेल, असं म्हाळूने आधीच सांगून टाकलं. विम्याचं कुणीतरी काढलं, तर त्याने हात वर करून थांबवलं. तो वच्छलाबाईंकडे वळला.

‘‘मामी, ताट समद्यांफुडं धरता. पोराफुडं धरा.’’

वच्छलाबाई म्हणाल्या, धरते.

माऊली शेजारच्या ओट्यावर बाजेवर पडला होता. तो म्हणाला, ‘‘उचलीन की.’’ हे तो लगेच म्हणाला की थोडं थांबून, यावर ऐकणाऱ्यांचं एकमत नाही.

अडचण हाताची होती. उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने भंडारा उचलत नाहीत. एका चुलत्याने प्लास्टरवर भंडारा ठेवून कपाळाला लावायचं सुचवलं. ते कुणालाच पटलं नाही, त्यालाही नाही. शेवटी ठरलं की प्लास्टर सुटेल त्या दिवशी. म्हाळू उठला, देवाला नमस्कार केला आणि चहा न घेता गेला.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत तालुक्यात तिथीची आणखी लग्नं झाली. ताट कुठंच गेलं नाही. कुणी बोलावलं नाही, आणि वच्छलाबाई आपण होऊन गेल्या नाहीत.

या काळात बापूसाहेब एकदा जीप घेऊन आले. खाली बसले, चहा घेतला, पीकपाण्याची चौकशी केली. मग म्हणाले, ‘‘वच्छलाबाई, माझं ऐका. रिपोर्ट येऊ द्या. रिपोर्ट चांगला आला तर प्रश्न मिटला. वाईट आला तर वकील आहेत. मधेच हे भंडाऱ्याचं कशाला? उद्या त्याने नाही उचलला, तर कोर्टात तेच सांगतील.’’

‘‘सांगू द्या की.’’

‘‘तुमचा एकुलता एक राहिलाय.’’

‘‘बापूसाहेब, पाच-सहा वर्सं मी दुसऱ्यांच्या पोरांफुडं ताट धरलं,’’ वच्छलाबाई म्हणाल्या. ‘‘तवा तुमी फलक लावले.’’

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. जून लागला त्या आठवड्यात दोन्ही फलकांवरच्या त्यांच्या नावावर पांढरा रंग फिरवलेला दिसला. वाक्य तसंच ठेवलं होतं.

घरात त्या विषयावर बोलणं नव्हतं. माऊली डाव्या हाताने जेवायला तयार नव्हता, म्हणून दोन्ही वेळा वच्छलाबाई त्याला भरवत. त्याची बायको प्रगती भरवायला पुढं झाली तर त्या म्हणत, तू पोराचं बघ. पोरगा दीड वर्षाचा होता. आई घास देई, मुलगा खाई. एकदाही तिने त्याला विचारलं नाही, की त्या दिवशी मांडवामागं काय झालं. त्यानेही सांगितलं नाही.

प्रगतीने एकदा विषय काढला. माऊली बाहेर गोठ्याकडे गेला होता.

‘‘आत्याबाई, त्यान्ला उचलायला लावू नका.’’

‘‘का? प्यालाय व्हय त्यो?’’

‘‘मला म्हाईत न्हाई. मी लग्नाला नव्हते.’’ प्रगती पोराला थोपटत होती. ‘‘खरं असलं तर उचलतील आन् सुटतील. पर खोटं असून उचलला, तर ते ह्याच्यावर यील. तुमचा थोरला गेला. मला ह्यो एकच हाय.’’

प्रगती म्हणाली, मग तुम्हीच घरात विचारा ना. ताट नको, लोक नको. तुम्ही विचारलं तर तुमच्याशी खोटं बोलणार नाहीत.

‘‘घरात इचारून मिटवायचं असतं,’’ वच्छलाबाई म्हणाल्या, ‘‘तर न्हावऱ्याच्या मांडवातच इचारलं असतं.’’

त्या कुणाबद्दल बोलल्या, म्हस्कूबद्दल की माऊलीबद्दल, हे प्रगतीला कळलं नाही.

मंगळवार, २८ जून. माऊली सकाळच्या शटल रेल्वेने दौंडला गेला. बरोबर म्हस्कू होता. त्यालाच का नेलं, असं कुणी विचारलं तर माऊली म्हणे, एका हाताने गाडीत चढता येत नाही, आणि दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. म्हस्कूला भाडी मिळणं बंद झालं होतं. टेम्पो अजून पोलिसांकडे होता. आणि मिळाला असता तरी त्यात बसायला लोक तयार झाले असते की नाही, शंका होती.

दौंडला प्लास्टर कापलं. डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला, हाड जुळल्याचं सांगितलं. संध्याकाळच्या शटलने दोघं खुटबावला उतरले. वस्तीपर्यंत चालत आले. पाऊस नव्हता. देवळापुढं माणसं जमली होती. म्हाळू मारकड चुलत्यांना न घेता एकटा आला होता. गेणबा म्हातारा काठी टेकत आला होता. बापूसाहेब नव्हते. प्रगती पोराला घेऊन घरातच थांबली होती. दार उघडं होतं.

वच्छलाबाईंनी ताट दोन्ही हातांत धरलं. माऊलीने चपला काढल्या, बिरोबापुढं वाकला आणि आईसमोर येऊन उभा राहिला. सात आठवडे झाकलेला हात बारीक, फिकट झाला होता. कातडी सुटत होती. त्याने तो भंडाऱ्यात घातला.

जवळ असलेल्यांनी पाहिलं ते असं. बोटं हळदीत गेली. अंगठा बोटांकडे आला, पण टेकला नाही. माऊलीने हात वर घेतला तशी हळद बोटांमधून परत ताटात पडली. हात छातीपर्यंत आला तेव्हा बोटांच्या टोकांना फक्त पिवळा रंग होता. तिथं तो थांबला. हात कपाळापर्यंत गेला नाही.

‘‘बोटं मिटत न्हाईत, आय,’’ माऊली म्हणाला.

‘‘डॉक्टर म्हणले व्हते,’’ मागून म्हस्कू म्हणाला. ‘‘महिना-दीड महिना तरी मूठ वळायची न्हाई म्हणले.’’

गर्दीत कुजबुज झाली. गेणबा म्हणाला, ‘‘बोटाला लागला न्हवं भंडारा? मग टेकीव कपाळाला. झालं.’’ दुसरा कुणी म्हणाला, चिमूट उचलली पाहिजे, लागलेला कसा चालेल. माऊलीने हात खाली घेतला नाही आणि वरही नेला नाही.

वच्छलाबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही.

‘‘चिमूट धरंल तवा,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने ताट झाकलं.

‘‘कवा?’’ म्हाळूने विचारलं.

‘‘धरंल तवा.’’

म्हाळूने देवळाच्या पायरीवरून आपली टोपी उचलली आणि चौफुल्याची वाट धरली. म्हस्कू त्याच्याबरोबर काही अंतर चालत गेला. काय बोलले ते कळलेलं नाही.

सप्टेंबर संपेपर्यंतची माहिती अशी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही. शिरूरला चौकशी केली की नमुना पुण्यात आहे, एवढंच सांगतात. टेम्पो म्हस्कूला परत मिळाला. त्याने तो विकायला काढला आहे. रांजणगावच्या स्टँडवर ताट चालू आहे. तिथं आता चावी घेताना सगळ्यांनाच उचलावं लागतं, ताट धरणाऱ्यालाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींसाठी दोन घरांनी वच्छलाबाईंना ताट घेऊन यायला सांगितलं आहे. त्यांनी होकार दिला आहे, मात्र या वेळी कारण विचारणार, एकेकाला बाजूला नेऊन विचारणार, असंही त्यांनी त्या घरांना कळवलं आहे.

डॉक्टरांनी माऊलीला बोटांच्या व्यायामासाठी पीठ मळायला सांगितलं होतं. तो रोज सकाळी चुलीपुढं बसून ज्वारीचं पीठ मळतो. सुरुवातीला वस्तीवरच्या बायकांनी त्याची थट्टा केली. आता करत नाहीत. गेल्या आठवड्यात प्रगती शेजारणीला सांगत होती, की आता ते भाकरीही थापतात, पोराला उचलून घेतात, मूठ नीट वळते.

वच्छलाबाई तेव्हा दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. ताट अजून फळीवर आहे.